स्मारांदाची जिवंतपणीची पंगत

"आई, तो झगा आत्ताच्या आत्ता काढ," कोर्नेलिया दारातूनच ओरडली. "तो तुला पुरताना घालायचा आहे!"

"म्हणून तर घातलाय." स्मारांदाने कपाटाच्या आरशापुढे एक गिरकी घेतली. शहाऐंशी वर्षांच्या बाईला जमेल तेवढीच, पलंगाचा कठडा धरून. "होतोय की नाही ते आज कळलेलं बरं. नंतर तुम्ही मागून कापाल आणि कोंबाल मला त्यात. त्या लेनुत्साला कसं कोंबलं होतं ते पाहिलंय मी. एका बाजूने मीच धरलं होतं."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, छान दिसतोय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेल्या कोर्नेलियाच्या सुनेने, इलिंकाने, हसू दाबलं. तिच्या मांडीवरची लेक सोरिना पेनाकडे झेपावत होती. दहा महिन्यांच्या मुलीला पेन, सुरी, पेटती मेणबत्ती आणि उकळतं पातेलं यांत काही फरक वाटत नाही, आणि आज या घरात चारही गोष्टी हाताच्या अंतरावर होत्या. शिवाय अंगणात पडलेल्या आलुबुखारांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. ती पाचवी. सकाळपासून इलिंका मनातल्या मनात ही यादी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

प्रुनेत गावात ज्याचा आपल्या मुलांवर भरवसा नसतो, तो मेल्यानंतरची पंगत जिवंतपणीच घालून घेतो. फादर येतात, मेणबत्त्या लागतात, गव्हाचा गोड कोलिवा वाटला जातो, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो मेजाच्या मुख्य टोकाशी बसून बघत राहतो. स्मारांदाचं म्हणणं होतं की तिचा मुलांवर भरवसा आहे, फक्त त्यांच्या स्वयंपाकावर नाही. मुलगी कोर्नेलिया बावीस वर्षं परदेशात, तुरिनमध्ये, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया सांभाळत होती. मुलगा सबिन बस चालवायचा, एकटा राहायचा आणि अंडी सोडून काही शिजवायचा नाही.

"किती झाले जिवंत?" आतून स्मारांदाने विचारलं.

"त्रेचाळीस, आजी."

"आणि निजलेले?"

"सतरा."

फादरना प्रार्थनेत वाचायला नावांच्या दोन चिठ्ठ्या द्याव्या लागतात. एक जिवंतांची, एक निजलेल्यांची. मेलेले असं देवळात कोणी म्हणत नाही. घरात अक्षर इलिंकाचं चांगलं, कॉलेजात शिकलेलं, म्हणून चिठ्ठ्या तिच्याकडे आल्या होत्या. एरवी निजलेल्यांची यादी लांबलचक असते. पण या वेळी स्मारांदाने सांगून ठेवलं होतं की ज्याच्या ज्याच्या लग्नाला तिने गावचे हंडे घासले, त्या सगळ्यांना जिवंतांत घाल. निजलेल्यांचं काय, त्यांची प्रार्थना दर शनिवारी होतेच.

सबिन बाक उचलून आत आला, बाक ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दोकिया मावशीचं नाव घातलं ना?"

कोर्नेलियाने हातातली मिठाची बरणी दाणकन खाली ठेवली.

"नाही घातलं. आणि घालायचंही नाही."

"कोर्नेलिया, या पंगतीला बसायच्या आधी सगळ्यांशी मिटवून घ्यायचं असतं. नियमच आहे."

"नियम तू मला शिकवू नकोस. ती बाई माझ्या आईला भर देवळासमोर चोर म्हणाली होती. चोर! एकोणीस वर्षं शेजारी राहते, एकोणीस वर्षं तोंड फिरवून जाते. आणि तू तिच्याकडे दर गुरुवारी जेवायला जातोस, मला माहीत नाही असं समजू नकोस. मी तुरिनला असते, आंधळी नाही झालेली."

सबिनचे कान लाल झाले. "ती बीन्स चांगल्या करते," तो पुटपुटला.

दोघांनीही खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. स्मारांदाने सगळं ऐकलं असणार. पण आतून फक्त झग्याची बटणं निघाल्याचा आवाज आला, एक, दोन, तीन, अगदी सावकाश.

*

स्मारांदा पलंगावर बसली होती आणि तिचा नातू, इलिंकाचा नवरा तुदोर, समोर उभा राहून कागद चाळत होता. कोर्नेलिया तुरिनला गेली तेव्हा तुदोर सात वर्षांचा होता. तेव्हापासून तो स्मारांदाच्याच हातचं खाऊन मोठा झाला, त्यामुळे आजीचं आयुष्य लिहायचं काम त्याच्याकडे आपोआप आलं होतं. चार पानं लिहिली होती त्याने. आज जेवताना वाचायची आणि मग फादर ती देवळातल्या वहीत चिकटवणार.

"काय काय घातलंस?" तिने विचारलं.

"सगळं. गावचे हंडे, बालवाडीचं दूध, शिवणवर्ग, परदेशी गेलेल्यांना लिहून दिलेली पत्रं. एकशे बारा मयतांना तू आंघोळ घातलीस तेही."

"एकशे चौदा. धरणावरचे दोघे विसरलास."

"एकशे चौदा." त्याने खोडून लिहिलं.

"आणि ते... बर्फाचं?"

"तेच तर मुख्य आहे, आजी! दीड पान आहे ते."

स्मारांदाने उशी उगाचच थोपटली.

चोपन्नच्या फेब्रुवारीत बर्फात आगगाडी अडकली होती, गावापासून सहा किलोमीटरवर, तीन दिवस. स्मारांदाने घसरगाडीवर पाव आणि सूप लादून त्या गाडीतल्या माणसांना जगवलं, हे प्रुनेतमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दोन हजार साली गावाने तिला त्याबद्दल प्रशस्तिपत्र दिलं. ते फ्रेम करून समोरच्याच भिंतीवर लावलेलं होतं.

गावाला माहीत नव्हतं ते इतकंच, की बर्फात स्मारांदा गेलीच नव्हती. तिची धाकटी बहीण दोकिया गेली होती.

प्रशस्तिपत्राच्या दिवशी दोकिया पहिल्या रांगेत बसली होती. केस विंचरून, नवा रुमाल बांधून. आता ताई सांगेल, आता सांगेल, म्हणून ती शेवटपर्यंत हात मांडीवर ठेवून बसली. ताईने सांगितलं नाही. बाहेर आल्यावर दोकियाने तिला चोर म्हटलं आणि त्यानंतर काहीच म्हटलं नाही.

आज ते दीड पान मोठ्याने वाचलं जाणार, देवळाच्या वहीत चिकटणार, आणि मग कायमचं तेच खरं होणार. आज बोलायचं, नाहीतर कधीच नाही. पण बोललं तर कोर्नेलियाला तोंड कसं दाखवायचं? पोरीच्या फोनवर त्या फ्रेमचा फोटो होता. तुरिनमधल्या प्रत्येक नव्या घरात पहिल्या दिवशी ती तो दाखवायची. "माझी आई," म्हणायची.

"छान लिहिलंस रे," स्मारांदा तुदोरला म्हणाली. "जा आता, बाक पूस."

*

इलिंकाने हे सगळं ऐकलं नव्हतं. तिने फक्त दोकिया मावशीआजीला पाहिलं होतं. त्र्याऐंशी वर्षांची बाई सकाळी सातपासून कुंपणापलीकडे स्टुलावर बसून शेंगा सोलत होती. टोपली केव्हाच रिकामी झाली होती. तरी ती तीच टरफलं या हातातून त्या हातात घेत होती.

इलिंकाने इकडेतिकडे पाहिलं. सासूबाई अंगणात मेजावर पांढरं कापड पसरत होत्या. तिने पटकन जिवंतांच्या चिठ्ठीत तळाशी लिहिलं: दोकिया. चव्वेचाळीस.

मग ती दुधाची बाटली घ्यायला वळली. दोन सेकंदंच वळली, नंतर ती शपथेवर सांगायला तयार होती. परत पाहते तर सोरिनाच्या दोन्ही मुठींत एकेक चिठ्ठी, आणि तोंडात कागद.

"थुंक! थुंक सोनू, आ कर!" तिने बोट घालून तोंडातला लगदा बाहेर काढला. शाई विषारी असते का? निळी असते की फक्त काळी? पोरगी खूश होऊन हसत होती, हनुवटीवर निळी लाळ. चिठ्ठ्यांवरची नावं शाबूत होती. गेला होता तो फक्त वरचा भाग. एका चिठ्ठीवरचा 'जिवंत' आणि दुसरीवरचा 'निजलेले'.

"झाल्या का चिठ्ठ्या?" कोर्नेलिया हात पुसत आत आली. "दे इकडे, एकदा नजर टाकते."

"झाल्या! नजर कशाला, मीच देते फादरना." इलिंकाने चिठ्ठ्यांची घडी घालून ॲप्रनच्या खिशात कोंबली. मथळे पुन्हा लिहायचे तर चिठ्ठ्या उघडायला हव्यात, आणि उघडल्या की तळाचं नाव दिसणार. फादर काही दूधखुळे नाहीत, तिने स्वतःला समजावलं. त्यांना कळेल.

*

अकरापर्यंत अंगण भरलं. फादर इलारिओन शेजारच्या गावात एका मयताला गेले होते, खऱ्या, त्यामुळे उशीर होणार होता. तोवर वस्तू देण्याचं काम उरकून घ्यावं असं स्मारांदाने ठरवलं. इथे जे दान द्यावं ते तिकडे आपल्याला मिळतं, म्हणून आलुबुखाराच्या झाडाखाली गादीसकट एक पलंग मांडला होता, शेजारी खुर्ची, बादली, ताटं आणि एक भलंमोठं पातेलं.

"एवढं पातेलं कशाला गं?" शेजारच्या निकूने विचारलं. "तिकडे एकटीच असशील."

"एकटी? एकशे चौदा माणसं मी इथून आंघोळ घालून पाठवलीत. ती काय मला बघून गप्प बसतील? म्हणतील, आली स्मारांदा, आता जेवण कधी?"

पलंग विधवा अग्लायाला मिळाला. ती अगदी गहिवरली.

"उशी मऊ आहे," स्मारांदाने बजावलं. "पण डाव्या कुशीवर झोपायचं. मी डाव्या कुशीवर झोपते. तू उजवीवर झोपलीस तर मला तिकडे उलटा पलंग मिळायचा."

अग्लायाने डोळे पुसले आणि घेणाऱ्याने म्हणायचं असतं ते म्हणायला तोंड उघडलं. "देव तिला क्षमा... म्हणजे तुला... देव तुला क्षमा करो?"

"कशाबद्दल?" स्मारांदा चटकन म्हणाली.

सगळं अंगण हसलं. स्मारांदा हसली नाही, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कुंपणापलीकडे मात्र टरफलांची टोपली खाली पडल्याचा आवाज झाला.

"माझ्या लग्नात," निकूने पहिला पेला उंचावला, "या बाईने दीडशे माणसांचा स्वयंपाक एकटीने केला होता. कोबीत गुंडाळलेला एक सारमालासुद्धा फुटला नव्हता."

"एकशे दहा. आणि कोबीची पानं तुझ्या आईने निवडली होती, म्हणून फुटले नाहीत. तू त्या दिवशी इतका प्यायला होतास की नवरी समजून दिव्याच्या खांबाला मिठी मारलीस."

"आई, तू आज गेलेली आहेस," सबिन म्हणाला. "गेलेल्या माणसाने मध्ये बोलायचं नसतं."

"मग गेल्यावर बोलू का? तेव्हा तुम्ही वाट्टेल ते ठोकून द्याल."

पुन्हा हशा. त्यानंतर तर चढाओढच लागली. प्रत्येक जण उठून तिची एकेक आठवण सांगायचा आणि ती दुरुस्त करायची. दूध बालवाडीला नाही, आधी तिने चोरून दवाखान्याला नेलं होतं. शिवणवर्गात मुली शिवण कमी आणि प्रेमपत्रं जास्त शिकल्या, कारण पत्रंही तीच लिहून द्यायची. इव्हानच्या परदेशातल्या मुलाला बापाने लिहिलेली सगळी प्रेमळ वाक्यं तिची स्वतःची होती, बाप फक्त 'पैसे पाठव' एवढंच सांगायचा. म्हाताऱ्या इव्हानने उठून सगळ्यांसमोर तिच्या हाताचं चुंबन घेतलं. इलिंका सोरिनाला मांडीवर घट्ट धरून गांधीलमाश्या हाकलत होती आणि तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून हसतोय. काळजी करता करता हसतोय.

मग फादर आले, घाईघाईत, बाह्या सरसावत. इलिंकाने चिठ्ठ्या त्यांच्या हातात दिल्या.

*

फादर इलारिओन सदतीस वर्षं चिठ्ठ्या वाचत आले होते. मथळ्याकडे पाहायची त्यांना गरज नव्हती. लांब चिठ्ठी निजलेल्यांची, आखूड चिठ्ठी जिवंतांची. प्रुनेतमध्ये हे कधीच चुकलं नव्हतं.

त्यांनी मेणबत्त्या लावल्या, धूप फिरवला आणि आखूड चिठ्ठीपासून सुरुवात केली. "प्रभो, तुझ्या या सेवकांना आरोग्य, सुख आणि दीर्घायुष्य दे. मित्रू, घेओर्गे, लेनुत्सा..."

मित्रू म्हणजे स्मारांदाचा नवरा, जाऊन एकतीस वर्षं झालेला. "आता कशाला," ती पुटपुटली. पण दुकानवालाही मित्रूच होता, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. या गावात प्रत्येक नावाचा एक जण निजलेला आणि एक जागा असा असतोच.

मग फादरनी लांब चिठ्ठी उघडली आणि आवाज खाली आणला. "आणि जे आमच्या आधी निजले, त्यांना, प्रभो, प्रकाशाच्या जागी विश्रांती दे. सबिन, कोर्नेलिया, तुदोर..."

सबिनने मान खाली घातली. त्याच्या आजोबांचं नाव सबिन होतं. कोर्नेलियाला वाटलं, कोणीतरी मावशीबिवशी असेल.

"इलिंका, सोरिना..."

प्रुनेतमध्ये सोरिना नावाचं कोणी कधी मेलं नव्हतं. इलिंकाने पोरीला इतकं आवळलं की ती किंचाळली. फादरना वाटलं, शोक अनावर झाला. त्यांनी आवाज आणखी मृदू केला.

"निकू, अग्लाया, इव्हान..."

"अरे, मी इथे उभा आहे!" निकू म्हणाला.

"मी पण!" इव्हान. पलंगावर टेकलेली अग्लाया तर कुशीवर आडवीच झाली, चुकीच्या. एकेक नाव आलं की एकेक जण ओरडून उठत होता, पण फादरची लय लागली होती आणि ते थांबेनात. सबिनला हसण्याने ठसका लागला. पेला हातातून सांडला. "कोर्नेलिया, तुझं तिकीट रद्द कर, तू गेलीस!" तो बहिणीला ओरडून म्हणाला, आणि कोर्नेलियाने, जिची दोन दिवस बसमध्ये बसून पाठ धरली होती आणि जी आल्यापासून एकदाही हसली नव्हती, तोंडावर रुमाल धरला. तिचे खांदे गदगदत होते.

"...आणि दोकिया," फादरनी शेवटचं नाव वाचलं. "त्यांची आठवण चिरंतन राहो."

"माझी आठवण गेली चुलीत!" कुंपणापलीकडून आवाज आला. "मी जिवंत आहे!"

*

फाटक धाडकन उघडलं. दोकिया घरातल्या सपाता घालूनच आली होती, ॲप्रनभर टरफलं घेऊन. फादर चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहत होते.

"कोणी मारलं मला?" दोकियाने विचारलं. कोर्नेलियाकडे बघून. "तू?"

"मी तर तुझं नावच..." कोर्नेलिया थांबली आणि सावकाश सुनेकडे वळली. "इलिंका. चिठ्ठ्या कोणी लिहिल्या?"

इलिंकाला वाटलं, आत्ता जमीन दुभंगेल तर बरं. पण जमीन तशीच राहिली. "मी लिहिल्या. नाव मीच घातलं, जिवंतांत घातलं. मथळे सोरिनाने खाल्ले. आणि तुम्ही चिडाल म्हणून मी पुन्हा लिहिले नाहीत." मग तिलाच माहीत नसलेल्या धिटाईने ती म्हणाली, "त्या सकाळपासून त्याच शेंगा सोलत बसल्या होत्या, आई. मला बघवेना."

"मी माझ्या शेंगा कितीही वेळा सोलीन," दोकिया म्हणाली. "फादर, माझं नाव परत जिवंतांत घाला, की मी चालले."

"सगळी प्रार्थना पुन्हा करावी लागेल," फादर घाम पुसत म्हणाले. "पण ती पंगत झाल्यावर. मध्ये तोडता येत नाही. तोवर कोणी जायचं नाही. तांत्रिकदृष्ट्या तुम्ही सगळेच गेलेले आहात."

आणि पंगतीला आलेल्याला ताट द्यावंच लागतं. कोर्नेलियाने ओठ घट्ट मिटून एक ताट तिच्या हातात ठेवलं. रिकामं. दोकिया बसली नाही. झाडाखाली ताट धरून उभी राहिली.

"वाच रे," कोर्नेलिया मुलाला म्हणाली. "सुरू कर. ऐकू दे सगळ्यांना."

तुदोर वाचू लागला. जन्म, शाळेची चार वर्षं, लग्न, हंडे. लोक खाता खाता माना डोलवत होते. दोकिया ताटाच्या काठावरून बोट फिरवत होती. आणि मेजाच्या मुख्य टोकाशी स्मारांदाला ते दीड पान जवळ येताना ऐकू येत होतं, जसं लांबून येणाऱ्या बैलगाडीचं चाक ऐकू यावं.

"'चोपन्नच्या फेब्रुवारीत,'" तुदोरचा आवाज चढला, "'एकवीस वर्षांच्या स्मारांदाने घसरगाडीवर पाव आणि सूपचा हंडा बांधला आणि लांडग्यांच्या रानातून सहा किलोमीटर...'"

"नाही," स्मारांदा म्हणाली.

"आजी, अंतर चुकलं का?"

"अंतर बरोबर आहे. बाई चुकली."

कोणीतरी हसलं. सकाळपासून ती दुरुस्त्याच करत होती. "मग कोण होती बाई?" निकूने खोडसाळपणे विचारलं. "दिव्याचा खांब?"

"ती." स्मारांदाने झाडाकडे हात केला. "दोकिया. अठरा वर्षांची होती. माझे बूट घालून गेली, ते तिला मोठे होत होते, आत चिंध्या कोंबल्या होत्या. चार खेपा केल्या. मी घरात होते. भट्टीत पाव होते हे खरं. पण पाव निघाल्यावरही मी गेले नाही. मी घाबरले होते."

कोर्नेलिया मेजाचा काठ धरून उभी होती.

"मग प्रशस्तिपत्र?" ती म्हणाली. "आई, मी तीन घरांत तो फोटो दाखवलाय."

"माहीत आहे मला. तुम्ही सगळे म्हणत गेलात, मी नाही म्हटलं नाही. मग त्या दिवशी फोटो काढणारा म्हणाला, हसा. आणि मी हसले." स्मारांदाने मुलीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "ती मला चोर म्हणाली ते बरोबर म्हणाली. तुदोर, खोड ते. वहीत तसं जाता कामा नये."

तुदोरच्या हातात पेन होतं, पण ते हललं नाही. सोरिनाने तेवढ्यात मेजावर थाप मारली.

"चार नाही," दोकिया म्हणाली.

"काय?"

"चार नाही, पाच खेपा. लिही रे, पाच. आणि लांडगे नव्हते."

"होते! मी आवाज ऐकला होता!"

"तो दुमित्राचा कुत्रा होता."

मग सबिनच्या तोंडून एक आवाज फुटला, आणि त्याला पाहून इव्हानच्या, आणि मग हसण्याची लाट मेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अशी गेली की फादरच्या पुढ्यातल्या दोन मेणबत्त्या विझल्या. पासष्ट वर्षं! आणि घाबरली होती ती दुमित्राच्या कुत्र्याला!

"हसू नका," दोकिया म्हणाली, पण तिचीही हनुवटी हलत होती. "मीही एक सांगते, आज सगळे मेलेलेच आहात तर. पहिल्या खेपेचे सगळे पाव गाडीपर्यंत पोचले नाहीत. तीन मी वाटेत खाल्ले."

"तीन?" स्मारांदा उभी राहायच्या बेतात आली. "म्हणून कमी पडले! त्या गार्डने मला नंतर निरोप पाठवला, बाई, पाव कमी पडले, आणि मी तेव्हापासून प्रत्येक लग्नात पंचवीस पाव जास्त भाजत आले! पासष्ट वर्षं, दोकिया!"

"गरम होते. काय करू?"

कोर्नेलिया मटकन बाकावर बसली. ती हसत होती की रडत होती ते इलिंकाला नीट कळेना, म्हणून तिने सोरिनाला तिच्या मांडीवर दिलं. पोरगी हातात असली की माणसाला काहीतरी एक ठरवावंच लागतं. कोर्नेलियाने नातीच्या निळ्या हनुवटीकडे पाहिलं आणि ठरवलं. हसूच.

"आता तिकडे काय दाखवू मी?" तिने आईला विचारलं.

"पाव दाखव. पाव माझेच होते."

"मीठ कमी होतं," दोकिया म्हणाली.

तिच्या हातातलं ताट अजून रिकामंच होतं. ते आधी अग्लायाच्या लक्षात आलं आणि तिने पळी उचलली, पण दोकियाने ताट मागे घेतलं. ती मेजाच्या मुख्य टोकाशी आली आणि स्मारांदासमोर ताट धरून उभी राहिली.

"अगं, तिने नाही वाढायचं," अग्लाया घाबरून म्हणाली. "आज तिचीच पंगत आहे. तिने हात लावायचा नसतो, ती गेलेली आहे."

दोकियाने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"ताई," ती म्हणाली. एकोणीस वर्षांनी. "वाढणार आहेस, की मेलेलीच राहणार आहेस?"

"ताट सरळ धर," स्मारांदा म्हणाली आणि उठली.